सातव्या छकड्याच्या मालकीबाबत

अर्जदार: मी स्वतः. वय त्रेचाळीस. धंदा लोकांचे अर्ज लिहून देण्याचा. बैठक कोटातील एका कचेरीच्या वऱ्हांड्यात. राहणार गिरगाव, चाळीचा पहिला मजला.

प्रतिपक्ष: लालबागचा एक सुतार.

मालमत्ता: शर्यतीच्या धर्तीवर बांधलेला बैलांचा छकडा, एकंदर सातांपैकी सातवा.

दिवस: विजयादशमी. साल, प्लेगाने शहर ओस पाडले त्याच्या आधीचे.

स्थळ: दादरची वाळू, ओहोटीची वेळ.

साक्षीदार: एक वकील, ज्यांची साक्ष माझ्याविरुद्ध जाईल, एक मिठाईवाले, ज्यांचे लक्ष त्या वेळी स्वतःच्या छकड्याखेरीज कशाकडेच नव्हते, वरळीच्या कोळीवाड्यातील पंधरावीस मंडळी, ज्यांना बोलावणे मी इष्ट समजत नाही, आणि माझी पत्नी, जी या प्रकरणात साक्षीदार आहे की पक्षकार, हाच वादाचा मुद्दा आहे.

नावे मुद्दाम गाळली आहेत. वीस वर्षांच्या अनुभवाने मी सांगतो की, कागदावर नाव दिसले की वाचणारा हकीकत वाचत नाही. तो त्या माणसाचे सोयरेधायरे आठवत बसतो.

आता हकीकत.

त्या सुताराने शिवडीच्या एका मिठागरवाल्यासाठी शर्यतीचा एक छकडा बांधला होता. सलग तीन हंगाम त्या छकड्याला कोणी मागे टाकले नाही. ही बातमी गिरगावापर्यंत पोहोचली आणि एक चमत्कारिक गोष्ट घडली. ज्यांना जन्मात शर्यतीत उतरायचे नव्हते, अशा सर्व प्रतिष्ठित गृहस्थांना एकाएकी शर्यतीचा छकडा हवासा वाटू लागला. ज्यांच्या दारी घोड्याची गाडी उभी होती तेही लालबागच्या त्या कारखान्यात, लाकडाच्या भुशात, जोडे हातात घेऊन उभे राहू लागले.

सुतार कोणाला हो म्हणेना. शेवटी त्याने सांगितले, "सातच करीन. माझ्याजवळ एका बाभळीचं जुनं लाकूड हाय, त्यात सात आस बसतात. आठवा मागाल तर दुसऱ्या झाडाचा होईल, आन् मग तो माझा न्हाई."

हे ऐकून मागणी दुप्पट झाली. मिळण्यासारखी वस्तू माणसाला नुसती आवडते. न मिळण्यासारखी वस्तू मात्र त्याला आपल्या योग्यतेचा पुरावा वाटू लागते.

सहा धनी ठरले: एक वकील, एक वैद्य, कापसाचे दोन दलाल, परळच्या गिरणीत मजूर भरणारा एक जॉबर आणि मिठाईवाले. सातवा रिकामा होता. अशा वेळी सुतार माझ्या बैठकीपाशी आला. त्याला अक्षरओळख नव्हती. त्याला सात जणांकडून करार लिहून घ्यायचा होता.

"पंत, दोनच गोष्टी लिवा," तो उकिडवा बसत म्हणाला. "माझा छकडा विकायचा न्हाई. आन् वर्सातनं एकदा, दसऱ्याला, माझ्यासमोर पळवायचा. न्हाई पळवला तर मी घेऊन जाणार."

"एवढेच?"

"एवढंच. लेक दिली म्हंजे वर्सातनं एकदा माणूस बघाया जातोच की."

दोन कलमांचा करार! माझे इंग्रजी शिक्षण तिसऱ्या इयत्तेत थांबले, हे मी लपवत नाही. पुढे शाळेने मला ठेवून घेतले नाही, त्यात तिचेच नुकसान झाले. परंतु कागदाला वजन कशाने येते, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. दोन कलमांच्या कागदाला कचेरीतला शिपाईसुद्धा उठून हात लावत नाही. करार म्हटला की कमीत कमी अकरा कलमे हवीत.

चाळीतील खोल्यांच्या भाडेचिठ्ठ्या मी इतक्या लिहिल्या होत्या की, त्यांची कलमे माझ्या बोरूतून शाईबरोबर आपोआप उतरत. उरलेली नऊ कलमे मी तिथूनच घेतली आणि 'सदर जागा' असे जिथे होते तिथे 'सदर छकडा' असे केले. सदर छकड्यास खिळे ठोकू नयेत. सदर छकड्यात शेजाऱ्यास उपद्रव होईल असे वाद्य वाजवू नये. मालकास वाटेल तेव्हा पाहणी करता येईल. 'जनावरे बांधू नयेत' हे कलम तेवढे मी विचारपूर्वक गाळले. आणि सातवे कलम असे होते: 'घेणाराने सदर छकड्याचा उपभोग स्वतः बायकोमुलांसह घ्यावा, दुसऱ्याच्या हाती देऊ नये. दिल्यास सदर छकडा मालकाकडे परत जाईल.'

मी तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. सुतार डोळे मिटून ऐकत होता. सातव्या कलमाला त्याने डोळे उघडले.

"ह्ये कोनी सांगितलं तुमाला?"

"कायद्यात असतेच," मी म्हणालो.

"कायदा शाना हाय," तो म्हणाला. "माझ्या मनातलंच हाय, पर मला बोलता येत नव्हतं. ज्याचा छकडा त्यानंच हाकावा. गाडीवान ठेवून पळवायचा तर मग बसणाऱ्यात आन् कापसाच्या गठ्ठ्यात फरक काय? आन् बायको संगं असली म्हंजे मानूस खोटं बोलत न्हाई, किती पळाला ते." मग तो कागदावर हात ठेवून म्हणाला, "पंत, सातवा तुमी घ्या. लिवण्याची मजुरी ह्येच समजा."

अशा रीतीने, शहरात केवळ सात असलेल्या वस्तूंपैकी एक माझी झाली.

बाकीच्या सहा जणांनी सह्या केल्या. वकिलांनी तर न वाचताच केली. अर्ज लिहिणाऱ्याच्या हातून वाचण्याजोगे काही लिहिले जाईल, ही शक्यता त्यांनी विचारात घेतली नव्हती.

छकडा चाळीच्या चौकात आला त्या दिवशी तिन्ही मजल्यांचे कठडे माणसांनी भरले. मी आजही त्याचे वर्णन कोरडेपणाने करू शकत नाही. त्याला बाजू नव्हत्या, पाठ नव्हती, छप्पर नव्हते. गाडीला जे जे असते ते काढून टाकून जे उरते ते म्हणजे तो छकडा. चाकांचे आरे बोटाएवढे बारीक, चाकांवरची लोखंडी धाव पातळ, बसायला चार पट्ट्या. दोन माणसांनी उचलावा इतका हलका. दांडीवर पितळेची पट्टी आणि तीवर सातचा आकडा. तो उभा असतानाही पळत असल्यासारखा दिसे. आणि माझ्याजवळ बैल नसल्यामुळे तो पुढे अकरा महिने उभाच होता.

येणारे जाणारे विचारीत, "पंत, पळतो किती?"

"त्याच्या वेगाची मर्यादा अद्याप ठरलेली नाही," मी सांगत असे. हे अक्षरशः खरे होते.

रोज सकाळी स्नान करून मी त्याच्यावरून सुके फडके फिरवी. आठवड्यातून एकदा आसाला एरंडेल. ऊन आले की मी त्याला जिन्याखाली सरकवी, ऊन उतरले की पुन्हा चौकात, जाणाऱ्यायेणाऱ्यांना दिसेल असा. तळमजल्यावरचे पेन्शनर कारकून रोज म्हणत, "पंत, फडके झाले, तेल झाले. आता प्रदक्षिणा घाला म्हणजे सुटलात." शेजारच्या काकूंनी एकदा त्यावर मिरच्या वाळत घातल्या, तेव्हा मी त्यांना तीन पानी लेखी समज दिली. काकूंनी ती समज मिरच्या बांधायला वापरली, असे मला नंतर कळले.

भाद्रपद संपता संपता सुताराचा निरोप आला: दसऱ्याला, ओहोटीला, दादरच्या वाळूवर. साती जण. कराराप्रमाणे.

तेव्हा प्रथमच मी सातवे कलम छकड्याचा धनी या नात्याने वाचले. तोवर मी ते केवळ लेखक या नात्याने वाचले होते.

मी हाकायचे. मला हाकता येत नव्हते. पत्नीला शेजारी बसवायचे. गिरगावातील ब्राह्मण स्त्री नवऱ्याच्या शेजारी, उघड्या छकड्यात, भर दिवसा, शर्यतीच्या वेगाने. न बसवावे तर छकडा जाणार. आणि गिरगावात मला छकड्यावाचून पूर्वी कोण ओळखत होते, हे मला माहीत होते. वीस वर्षे मी वऱ्हांड्यात बसून लोकांची दुःखे सुवाच्य अक्षरात लिहिली, पण रस्त्यात माझ्यासाठी कोणी थांबले नव्हते. छकडा आल्यापासून थांबत होते.

वकिलांचा माणूस माझ्या बैठकीपाशी आला आणि निरोप देऊन गेला, "वकीलसाहेब विचारतात, हे कलम कोणत्या गाढवाने घातले?" मी उत्तरादाखल कराराची नक्कल पाठवली, तीवर खाली त्यांचीच सही होती.

घरी मी विषय काढला तेव्हा पत्नी तांदूळ निवडीत होती. मुलगी सासरी गेल्यापासून घरात आम्ही दोघेच. तिने सूप खाली ठेवले.

"सही करण्यापूर्वी मला विचारलं होतंत?"

"अशा करारास पत्नीची संमती लागत नाही," मी म्हणालो.

"मग करारालाच बसवा छकड्यात."

चार दिवस आमच्यात भाजी आणि मीठ यांपलीकडे बोलणे झाले नाही. पाचव्या दिवशी तिने विचारले, "बैल कोणाचे?"

मी लालबागच्या एका गाडीवाल्याशी बोललो होतो. गोदीवरून गिरणीत कापसाचे गठ्ठे नेणारी त्याची जोडी दसऱ्याला मोकळी होती.

"गठ्ठ्यांचे बैल?" ती हसली. लग्नाला चोवीस वर्षे झाली, पण तिचे असे हसणे मी फारसे ऐकले नव्हते. "आमच्या अष्टागरात गठ्ठ्यांच्या बैलांना शर्यतीच्या दिवशी नुसतं बघायला नेतात."

तिच्या माहेरी वाळूवर छकड्यांच्या शर्यती होतात, हे मी चोवीस वर्षांत विचारले नव्हते आणि तिने सांगितले नव्हते.

"बसेन मी," ती म्हणाली. "पण वाटेत मला काही समजावून सांगायचं नाही."

दसऱ्याच्या सकाळी दादरची वाळू ओली आणि घट्ट होती. सात छकड्यांपैकी पाच आले. वैद्यांना ताप आला होता. त्यांचे औषध त्यांनाच लागू पडले नाही. एका दलालांनी काहीच न कळवता छकडा परत पाठवून दिला. वकील आले, पण एकटे. त्यांच्या पत्नीने यायचे साफ नाकारले होते. सुताराने त्यांच्या छकड्याभोवती एक फेरी मारली, रिकामी जागा पाहिली आणि तो बाजूला लावून घेतला. वकील तिथेच उभे राहिले. स्वतःचे गेले की मनुष्य दुसऱ्याच्या कागदपत्रांकडे फार बारकाईने पाहू लागतो.

दुसरे दलाल कसेबसे शेवटपर्यंत गेले. मिठाईवाले आणि त्यांच्या पत्नी चढल्याबरोबर बसायच्या पट्टीने आवाज केला. ते पुढचा सर्व वेळ पट्टीशीच बोलत होते. जॉबर आणि त्याची बायको वाऱ्यासारखे गेले आणि तसेच परत आले. ती दोघे ओरडत होती आणि हसत होती.

मग आमची पाळी. मी पागोटे नीट केले, कासरा दोन्ही हातांत घट्ट धरला आणि बैलांना आज्ञा केली. बैल दोन पावले गेले आणि उभे राहिले. मी पुन्हा आज्ञा केली. ते एक पाऊल गेले आणि उभे राहिले. मी कासरा आणखी घट्ट धरला.

काठावर कोळणी बसल्या होत्या. त्यांतली एक ओरडली, "अवो कारकून, बैलांना अर्ज लिवून द्या! मंग पलतील!"

दुसरी म्हणाली, "टिकट लावा गं अर्जाला, नायतर घ्यायचे नायत!"

साऱ्या काठाला हसू फुटले. माझ्या जिभेवर योग्य उत्तर आले होते, परंतु ते दीड पानाचे होते.

"अहो," पत्नी हळूच म्हणाली, "कासरा सोडा."

"सोडला तर ते पळतील."

"मग आपण कशाला आलोय?"

तिने माझ्या हातातून कासरा घेतला. ओढून नव्हे, उतू चाललेल्या दुधाखालचे लाकूड मागे ओढावे तसा, सहज. पदर कमरेला खोचला, कासरा सैल केला, जिभेने एक आवाज काढला आणि डाव्या बैलाच्या शेपटाच्या मुळाशी बोटे लावली.

पुढचे मला सविस्तर सांगता येत नाही, कारण मी डोळे मिटले होते. गठ्ठ्यांचे ते बैल जन्मात प्रथमच पळत होते, आणि आपल्याला हे येते याचे त्यांनाही आश्चर्य वाटत असावे. वारा कानांत शिरला. माझे पागोटे गेले. तिचा एक शब्द मला ऐकू आला, "धरा!", आणि मी तिला धरले. वळून परत आलो तेव्हा कोळणी उभ्या राहिल्या होत्या आणि हसत नव्हत्या.

सुताराचा चेहरा लेकीला सासरी सुखात पाहिलेल्या बापासारखा झाला होता. तेवढ्यात वकील पुढे झाले.

"सातवे कलम," ते म्हणाले. "धनी स्वतः हाकणार. दुसऱ्याच्या हाती दिल्यास छकडा परत. यांनी दिला. माझा गेला, तर यांचाही गेला पाहिजे."

सुतार माझ्याकडे वळला. "पंत, कलम तुमीच लिवलंय. बोला."

मी उतरलो. बुद्धी ठिकाणावर होती. वीस वर्षांत मी दुसऱ्यांसाठी जेवढी बाजू मांडली नसेल तेवढी त्या पाच मिनिटांत स्वतःसाठी मांडली. म्हणालो, पत्नी ही दुसरी नव्हे. ती अर्धांगी. अग्नीसमोर सात पावले चाललेली दोन शरीरे कायद्याच्या आणि धर्माच्या दृष्टीने एकच. तिच्या हाती कासरा म्हणजे माझ्याच हाती कासरा. तिने हाकले म्हणजे मीच हाकले. सबब, सातव्या कलमाचा भंग झालेला नाही.

कोळणींपैकी एकीने "बरा बोलतो गं!" असे म्हटल्याचे मी स्वतः ऐकले.

सुताराने विचारले, "म्हंजे बाई आन् तुमी एकच?"

"निःसंशय."

"तिनं हाकला म्हंजे धन्यानंच हाकला?"

"अगदी बरोबर."

"मग झालं तर." त्याने हात झटकले. "छकडा तुमच्या घरीच ऱ्हाऊ दे. पर करारात बाईंचं नाव लावा. हाकणारी ती हाय. तुमी तिच्यात आलातच."

"पण..."

"का? एकच हाय म्हनालात न्हवं?"

मी पत्नीकडे पाहिले. ती बैलांच्या कपाळाला हळदकुंकू लावीत होती. तिने एकदाच मान वर केली. "लिहा ना," ती म्हणाली. "अक्षर तुमचंच चांगलं आहे."

माझा युक्तिवाद मागे घेता येत नव्हता. घेतला असता तर छकडा गेला असता. ठेवला तर मी गेलो. दादरच्या वाळूवर, मिठाईवाल्यांच्या डब्याच्या झाकणावर कागद ठेवून, मी माझ्याच अक्षरात माझे नाव खोडले आणि तिचे लिहिले.

तेव्हापासून छकडा चौकात उभा राहत नाही. लालबागचा गाडीवाला दर मंगळवारी बैल आणतो, पत्नी प्रभादेवीला दर्शनास जाते, आणि मी मागे बसतो. शेजारच्या काकूंना तिने मिरच्या वाळत घालण्याची परवानगी दिली आहे. रस्त्यात लोक अजूनही थांबतात. ते तिच्याकडे पाहून हात जोडतात, आणि नंतर, छकडा पुढे गेल्यावर, मला.

सुताराच्या निर्णयाविरुद्ध मी आजवर तीन अर्ज केले. प्रत्येक अर्ज टपालाने लालबागला गेला आणि प्रत्येक वेळी सुतार तो घेऊन माझ्या बैठकीपाशी आला, कारण त्याला वाचता येत नाही आणि त्याचा विश्वास असलेला अर्ज लिहिणारा शहरात एकच आहे.

"पंत, ह्ये काय आलंय बघा."

मी वाचून दाखवले. धंद्याचा धर्म असा की, गिऱ्हाइकाचा कागद वाचताना आवाजात फरक करायचा नाही. माझी बाजू त्याला फार परिणामकारक वाटली. एकदा तर त्याने डोळे पुसले.

"बेस लिवलंय. कोनी लिवलं?"

"मी."

"वाटलंच. आता जबाब लिवा: जमनार न्हाई."

मी लिहिला. गिऱ्हाईक जे सांगते ते त्याच्या बाजूने होईल तितके बळकट करून लिहायचे, हाही धंद्याचा धर्म आहे. 'जमणार नाही' एवढ्यावर ठेवणे मला शोभले नसते. मी पाच कारणे घातली. तिन्ही जबाब मजकडे आहेत. ते निरुत्तर करणारे आहेत, हे मला खेदाने नमूद करावे लागते.

सबब, सुज्ञ वाचकांचे चरणी अर्जदाराची विनंती अशी की, वरील हकीकत ध्यानी घेऊन सदर सातव्या छकड्याचा धनी न्यायाने कोण ठरतो, याचा निवाडा द्यावा. निवाडा अर्जदाराविरुद्ध असल्यास तोही कळवावा, अर्जदार तो सोसण्यास समर्थ आहे. मात्र उत्तर देणाराने ते स्वतः आपल्या हाताने लिहावे, अर्जदाराकडून लिहवून घेऊ नये. उत्तराची वाट पाहत आहे. कळावे.